वाचून दाखवले, बरोबर आहे

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. घरी माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, ऑफिसातही लागत नसे. ऑफिस म्हणजे नागपुरातली एक समिती. ज्या मुलांना आईबाप उरले नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्या मुलांनी कुठं आणि कोणाकडे राहायचं हे ती समिती ठरवायची. मी तिथं टायपिस्ट होते. पदाचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण काम तेच. मुलं यायची, त्यांचे नातेवाईक यायचे, जबाब व्हायचे, आणि ते सगळं मी कागदावर उतरवायचे.

उतरवायचे म्हणजे काय, तेही सांगते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये जबाबाचा एक सांगाडा तयार होता. वर मुलाचं नाव आणि वय. मध्ये, 'मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय अमुक यांच्याकडे जाण्यास तयार आहे.' खाली, 'माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' ही खालची ओळ मूल खोलीत पाऊल टाकायच्या आधीच टाइप झालेली असायची. जागा मोकळी असायची ती फक्त नावांची. मूल काय बोललं ते कानावर पडत असे, पण कागदावर येत असे ते सांगाड्यातलंच. आणि वाचून दाखवायला वेळ कोणाला होता? सही येत असेल तर सही, नाहीतर अंगठा, की पुढचं प्रकरण.

मला त्याची लाज वगैरे काही वाटत नव्हती. उलट अभिमान होता. माझ्या आधीची बाई एकेका मुलाला अर्धा अर्धा तास लावायची आणि लोक व्हरांड्यात ताटकळत बसायचे. मी आल्यापासून रामटेक-पारशिवनीकडून आलेल्या माणसाला परतीची बस मिळायला लागली. 'तुमच्यासारखा हात नाही कोणाचा,' असं साहेब लोक म्हणायचे आणि मी धरमपेठेतल्या माझ्या घरी फुगून जायचे.

मग नव्या अध्यक्षबाई आल्या. आयुष्यभर खेड्यातल्या शाळांमधून शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, आवाज मऊ, चप्पल साधी. मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, या काय टिकतात! आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझं डोकं फिरवलं. मे महिना होता. आमच्या खोलीत एक जुना कूलर होता, भला मोठा, आणि त्याचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. एक मूल आत आलं, अध्यक्षबाई उठल्या, आणि स्वतः जाऊन कूलर बंद करून आल्या.

"अहो मॅडम, जीव जाईल इथं," मी म्हटलं.

"त्याचा आवाज ऐकू येत नाही ना," त्या म्हणाल्या. "आपल्याला घाम येऊ दे थोडा."

बाप्पा! नागपूरचा मे आणि कूलर बंद! पण त्यांचा नियमच झाला. मूल बोलायला लागलं की कूलर बंद, मूल गेलं की सुरू. आम्ही सगळे निथळायचो. त्या पदरानं मान पुसायच्या आणि ऐकत राहायच्या.

त्यांच्या पिशवीत एक पातळ पुस्तिका असायची, कोपरे दुमडलेली. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार, मराठीत. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केला आहे, आपल्याही देशानं केला आहे, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यातलं बारावं कलम त्यांना पाठ होतं. ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं, त्याला त्याच्याबाबतच्या प्रत्येक गोष्टीत ते मांडता आलं पाहिजे आणि मोठ्यांनी त्या मताला त्याच्या वयाच्या, समजुतीच्या मानानं वजन दिलं पाहिजे, असा त्याचा अर्थ त्या समजावून सांगायच्या. मी वरवर 'हो का' म्हणायचे. मनात म्हणायचे, परदेशात गार हवेत बसून लिहायला काय जातं! इथं या आणि व्हरांड्यातली रांग बघा म्हणावं.

असं वर्षभर चाललं. त्या कूलर बंद करत राहिल्या आणि मी माझा सांगाडा चालवत राहिले. मुलाची सही मी माझ्या टेबलापाशी घ्यायचे, तोवर त्या पुढचं प्रकरण चाळत असायच्या; मग माझा कागद वाचायच्या, सही करायच्या. खालच्या ओळीवर त्यांचा विश्वास होता. मी लिहिलंय म्हणजे वाचून दाखवलं असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. ही चूक त्यांची नव्हती, माझी होती.

मग त्या दोघी बहिणी आल्या.

मोठी अकरा वर्षांची, धाकटी पाचाची. बाप कधीचाच निघून गेला होता, आई सहा महिन्यांपूर्वी आजारपणात गेली. तेव्हापासून दोघी बालगृहात होत्या. आता दोन अर्ज आले होते. एक मावशीचा, म्हणजे आईच्या सख्ख्या बहिणीचा. मनीषनगरात फ्लॅट, नवरा नोकरीवाला, मूलबाळ नाही. तिला धाकटी हवी होती. दुसरा अर्ज काकाचा, पारशिवनीकडच्या एका गावातला. त्याची स्वतःची तीन पोरं होती. तो म्हणाला होता, मोठीला मी सांभाळतो, ती माझ्या पोरींसोबत शाळेत जाईल. दोन्ही माणसं चांगली होती. चौकशीचे अहवाल स्वच्छ होते. इतकं सरळ प्रकरण आमच्याकडे क्वचितच यायचं. मी सकाळी येतानाच दोन्ही जबाब छापून ठेवले. मोठीचा काकाच्या नावानं, धाकटीचा मावशीच्या नावानं.

मावशी आणि काका बाहेर बाकावर बसले होते. मावशीच्या हातात नव्या फ्रॉकची पिशवी होती. काका सारखा घड्याळ पाहत होता, त्याची बस होती. आत दोघी बहिणी एकाच खुर्चीवर बसल्या. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती, तरी एकाच.

अध्यक्षबाईंनी कूलर बंद केला. "काका चांगले आहेत का गं?" त्यांनी मोठीला विचारलं.

"हाव," ती म्हणाली.

"त्यांच्याकडे करमेल तुला?"

"करमन."

मला तेवढं पुरे होतं. मी कागद पुढं सरकवला, पेन दिलं. "कर बेटा सही. इथं."

पोरीनं पेन घेतलं नाही. कागद उचलला आणि वाचायला लागली. हळूहळू, एकेका शब्दाखाली बोट धरून, मोठ्यानं. 'स्वखुशीने'पाशी अडखळली, परत वाचलं. माझा पारा चढायला लागला. बाहेर अजून पाच प्रकरणं, आणि ही पोट्टी इथं वाचनपाठ करून राहिली! शेवटच्या ओळीपर्यंत पोचली आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "मी असं नाई म्हटलं."

"अगं, आत्ताच तर हो म्हणालीस," मी म्हटलं.

"काका चांगला हाय असं म्हटलं. स्वखुशीनं जातो असं नाई म्हटलं. आन् हे मले कोनी वाचून नाई दाखवलं. मीच वाचलं."

"कागदावर असंच लिहितात."

"कोन लिहिते?"

"मी लिहिते."

"मंग खाली तुमीच सही करा ना."

आता बोला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढीशी पोर, फ्रॉकची बाही उसवलेली, आणि मला, जिच्या वाटेला कोणी जात नाही त्या मला, समितीसमोर असं बोलते! मी काहीतरी तिखट बोलणारच होते, तेवढ्यात अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही तिला वाचून दाखवलं नव्हतं का?"

खोलीत कूलर बंद, त्यामुळे सगळं अगदी लख्ख ऐकू येत होतं. हो म्हणणं सोपं होतं. पोरीचा शब्द एकीकडे आणि इतक्या वर्षांच्या माझ्या नोकरीचा शब्द एकीकडे. मी हो म्हटलं असतं तर दोन सह्या होऊन धाकटी मावशीच्या गाडीत बसली असती, मोठी काकाच्या बसमध्ये. पोरगी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही हो. मी काय सांगते याची वाट बघत होती.

"नाही," मी म्हटलं. मग कसं कोण जाणे, पुढचंही तोंडातून गेलं. "आजपर्यंत कोणालाच नाही दाखवलं."

अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. वर्षभराचे सगळे कागद त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असणार. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ते मागचं आपण दोघी बसून नंतर बघू. आत्ता हिचं नीट करू. ती सांगेल तसं टाइप करा. स्वतःचा एक शब्द घालू नका." आणि मुलीला म्हणाल्या, "सांग बेटा. तुला काय सांगायचंय?"

मी सांगाडा पुसला. पांढरं पान उघडलं. खरं सांगते, रिकाम्या पानावर जबाब लिहायची मला सवयच राहिली नव्हती.

पोरीनं धाकटीला नीट मांडीवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. तिचे शब्द मी अजून विसरले नाही, कारण ते मी जसेच्या तसे लिहिले.

"मी सहावीत हावो. काका चांगला हाय. मावशीबी चांगली हाय. मले कोनाची तक्रार नाई. पन मावशी छोटीलेच नेऊन राहिली. मले काहून नाई? मी जास्त खात नाई."

इथं समितीतले एक सदस्य खिडकीकडे बघायला लागले. पोरगी थांबली नाही.

"काहून नाई ते मले माहीत हाय. मावशी बाहेर काकाले सांगून राहिली होती. छोटी लहान हाय, आईले विसरून जाईन, आपली होऊन जाईन. मोठी नाई विसरनार. आन् मोठी संग असली त छोटीलेबी विसरू देनार नाई. ते खरंच हाय. मी नाई विसरू देनार. मी तिले रोज सांगतो आईचं. मी काकाकडे गेली त तिले कोन सांगन?"

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. घाम डोळ्यात जात होता, का काय होतं, मला नीट दिसेना. अकरा वर्षांच्या पोरीनं जे सांगितलं त्यात एक शब्द मावशीच्या विरुद्ध नव्हता, काकाच्या विरुद्ध नव्हता, रडणं नव्हतं. दोन चांगली माणसं मिळून दोन बहिणींना वेगळं करत होती, आणि आम्ही सगळे शहाणे त्याला सरळ प्रकरण म्हणत होतो. तेवढं त्या पोरीलाच दिसलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला, जणू माझ्याच पोटची.

"आता धाकटीला विचारू," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पाच वर्षांच्या लेकराला! एरवी मी कपाळाला हात लावला असता. अध्यक्षबाई खुर्ची सोडून तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "तुले कोनाकडे राहायचं आहे गं?"

धाकटीनं विचार केला. मग तिनंच विचारलं, "ताई कुठं झोपनार हाय?"

मी तेही लिहिलं. तो तिचा पूर्ण जबाब होता.

मग मी मोठीला तिचा कागद वाचून दाखवला. त्या खुर्चीवर बसून इतकी वर्षं काढली आणि जबाब मोठ्यानं वाचायची माझी ती पहिली वेळ. 'मी जास्त खात नाई' पाशी मी अडखळले, परत वाचलं. पोरीनं मला थांबवून एक दुरुस्ती सांगितली. काका चांगला आहे ते दोनदा लिहा म्हणाली, त्याला वाईट वाटायला नको. मी दोनदा लिहिलं. मग तिनं सही केली, पूर्ण नाव, आईचं नावसुद्धा घालून.

अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, "हे मावशी आणि काकांना वाचून दाखवू का? तू नको म्हटलंस तर नाही दाखवणार."

पोरीनं धाकटीकडे पाहिलं. "दाखवा," म्हणाली.

त्या दोघांना आत बोलावलं. मीच वाचलं. काका ऐकता ऐकता टोपी काढून हातात चुरगाळायला लागला. "मॅडम, मी दोघीलेबी नेतो जी," तो म्हणाला. "दोन खोल्या हायेत, सात माणसं होईन, पन नेतो." मावशीनं फ्रॉकची पिशवी घट्ट धरली होती. मला तिचा राग येत होता. मूल पाहिजे, पण त्याची आठवण नको! मनात मी तिला चार शिव्या हासडल्या.

मग ती बोलली. मोठीकडे न बघता, टेबलाकडे बघून.

"मी वाईट मनानं नाही म्हटलं हो ते. ही डिट्टो माझ्या बहिणीसारखी दिसते. चालते तशी, बोलते तशी. आत्ता वाचलं ना तुम्ही, ते सगळं तीच बोलून राहिली असं वाटलं मले. आम्ही दोघीच बहिणी होतो. हिच्याकडे पाहिलं की माझ्या पोटात तुटते. रोज घरात कशी पाहू मी हिले?"

माझ्या शिव्या माझ्या घशातच राहिल्या. पोरगी मावशीकडे टक लावून बघत होती. हे तिलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी काही ठरलं नाही. अध्यक्षबाईंनी घाई केली नाही. आदेशात त्यांनी एवढंच लिहायला सांगितलं की दोघी बहिणी एकत्र राहतील, कोणी एकीलाच नेणार नाही, तोवर बालगृहात राहतील आणि मावशी-काकांनी येऊन भेटावं. काकाची बस चुकली. मावशी फ्रॉक देऊन गेली. ती परत येणार नाही, असं मला वाटलं होतं.

पण ती आली. दर रविवारी आली. पहिल्या दोन वेळा फक्त धाकटीशी खेळून गेली म्हणे, तिसऱ्या वेळी मोठीची वेणी घातली. दीड महिन्यानं नवरा-बायको दोघं नवीन अर्ज घेऊन आले, दोघींसाठी. काकानं लिहून दिलं की सुट्टीत पोरी गावाकडे येतील. पोरींना परत विचारलं आणि समितीनं तो अर्ज मंजूर केला.

मधल्या काळात आम्ही दोघी, अध्यक्षबाई आणि मी, जुने कागद काढून बसलो. ज्यांना बोलावता आलं त्या मुलांना परत बोलावलं. अध्यक्षबाईंनी वरिष्ठांना कळवलं, चूक आपलीही आहे असं लिहिलं, माझ्यावर एकटीवर ढकललं नाही. मला लेखी ताकीद मिळाली. ती मिळायलाच पाहिजे होती. बोलावलेल्यांपैकी बहुतेक मुलं जिथं होती तिथं बरी होती. काही नव्हती. त्यांच्याबद्दल इथं लिहायची माझी हिंमत नाही. मी सांगाडा कॉम्प्युटरमधून काढून टाकला. रांग वाढली, लोक कुरकुरले, मी त्यांच्यावर खेकसले. ती पुस्तिकाही वाचली, एकदा नाही, तीनदा. गार हवेत बसून लिहिणाऱ्यांना मी जे बोलले होते ते मनातल्या मनात परत घेतलं.

सहा महिन्यांनी दोघी बहिणी मावशीकडे कसं चाललंय ते सांगायला परत आल्या. मावशी बाहेर बसली. मोठी उंच झाली होती. धाकटीनं आल्या आल्या अध्यक्षबाईंच्या मांडीचा ताबा घेतला. यावेळी मीच विचारलं, "काय लिहू?"

मोठीनं दाराकडे पाहिलं, बंद आहे ना म्हणून.

"लिहा. छोटी आता मावशीले आई म्हनते. मी काई बोलली नाई." ती थांबली. "तिले आईचा चेहरा आठवत नाई. मी लय सांगितलं. रोज सांगितलं. तरी नाई आठवत."

मी टाइप करणं थांबवलं. मला वाटलं, हरली बिचारी. जे राखायला एवढी भांडली, तेच हातातून गेलं.

"पन मावशीले सगळं आठवते," ती म्हणाली. "आई लहान असतानी चिंचेवर चढे आन् मावशी खालून रडे, मले घे म्हने वर. आईले गनित येत नव्हतं, मावशी तिले सांगे. हे मले माहीतच नव्हतं. मले फक्त बिमार आई माहीत होती. आता आमी तिघी झोपतो एका खोलीत. मावशी सांगते आईचं, छोटी आयकते. सांगता सांगता मावशी रडते. मंग मी उठून तिले पानी देतो. मंग ती अजून सांगते."